दहा हजारांत चार रेणू उष्णता कशी अडवतात?

तुम्ही लिहिलं आहे की तुम्ही दहावीला विज्ञान शिकवता आणि वर्गातल्या एका मुलीनं तुम्हाला विचारलं, “सर, हवेत कार्बन डायऑक्साइड फक्त ०.०४ टक्के. म्हणजे दहा हजार रेणूंत चार. उरलेल्या ९,९९६ रेणूंमधून उष्णता आरामात निसटून जाईल की. मग हे चौघं तिला अडवतात कसे?” तुम्ही तिला पुस्तकातलं उत्तर दिलंत, पण त्यानं तुमचंच समाधान झालं नाही. शिवाय तुमची स्वतःची एक शंका आहे. शोषण व्हायचं तेवढं आधीच होत असेल, तर वायू आणखी वाढल्यानं काय बिघडतं?

मी गेली तेवीस वर्षं एका रासायनिक प्रयोगशाळेत अवरक्त वर्णपटमापक चालवते, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे (अवरक्त) किरण पदार्थ कुठे आणि किती शोषतो ते दाखवणारं यंत्र. आम्ही त्याला नुसतं ‘एफटीआयआर’ म्हणतो. हवामानशास्त्र हे माझं क्षेत्र नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषतो का, हे मला रोज सकाळी यंत्र सुरू केलं की पडद्यावर दिसतं, म्हणून लिहायला बसले. त्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला. आकडा ऐकून मान डोलावण्याऐवजी तिनं त्याचं चित्र डोळ्यांपुढे आणून पाहिलं.

फक्त त्या चित्रात एक गडबड आहे. तिनं कार्बन डायऑक्साइडचे रेणू एकूण हवेच्या तुलनेत मोजले. किरणाला ती तुलना ठाऊक नसते. अवरक्त किरणाच्या दृष्टीनं नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळजवळ नसल्यासारखेच आहेत. वाटेत आपल्याला शोषणारे रेणू किती भेटले, एवढ्याशीच त्याला मतलब. न शोषणारे शंभर असोत की कोटी, त्यानं फरक पडत नाही. म्हणून टक्केवारी बाजूला ठेवून वाटेतले रेणू मोजावे लागतात.

आता मोजू. समुद्रसपाटीला एक घन सेंटिमीटर हवेत, म्हणजे साधारण साखरेच्या एका चौकोनी खड्याएवढ्या जागेत, कार्बन डायऑक्साइडचे सुमारे एक कोटी अब्ज रेणू असतात. एकावर सोळा शून्यं. हे दहा हजारांत चार या हिशेबानंच. दुसऱ्या बाजूनं बघा. आपल्या डोक्यावरच्या हवेचं वजन दर चौरस मीटरला साधारण दहा टन भरतं. त्यात कार्बन डायऑक्साइड साडेसहा किलोच्या आसपास आहे. तो सगळा वेगळा काढून जमिनीलगतच्या दाबाला पसरला, तर साडेतीन मीटर जाडीचा निव्वळ कार्बन डायऑक्साइडचा थर होईल, म्हणजे एका मजल्यापेक्षा थोडा उंच. जमिनीतून निघालेल्या किरणाला वर जाताना हा एवढा थर ओलांडायचा असतो. बाकीच्या हवेनं तो दहा किलोमीटरभर विस्कटून ठेवला आहे, इतकंच.

मुलांना समजावायला निळीचं उदाहरण बरं पडतं. बादलीभर पाण्यात निळीचे चार थेंब टाकले की पेल्यातलं पाणी जेमतेम निळसर दिसतं, पण वरून बादलीत डोकावलं की तळ निळा दिसतो. प्रमाण तेच, वाट लांब झाली. ओझोनचंही तसंच. तो तर कार्बन डायऑक्साइडपेक्षाही विरळ; सगळा गोळा करून जमिनीलगतच्या दाबाला आणला तर थर भरेल जेमतेम तीन मिलिमीटरचा. पण सूर्याच्या अतिनील किरणांतला सर्वांत घातक भाग तेवढ्याच ओझोनमुळे जमिनीवर पोचत नाही. त्याच्या टक्केवारीवर कुणी शंका घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. एफटीआयआरमध्ये उगमापासून शोधकापर्यंत किरणाला उघड्या हवेतून जेमतेम मीटरभर जायचं असतं. सॅम्पल ठेवण्याआधी आम्ही रिकाम्या यंत्राचा वर्णपट घेतो, त्याला बॅकग्राउंड म्हणतात. रिकाम्या यंत्राचा वर्णपट खरं तर सलग घुमटासारखा यायला हवा. तसा तो येत नाही. २३५० या तरंगसंख्येजवळ (एका सेंटिमीटरात किती लहरी बसतात तो आकडा) त्यात शेजारीशेजारी दोन खोल खड्डे दिसतात आणि ६६७ जवळ एक अणकुचीदार खाच. हे दोन्ही कार्बन डायऑक्साइडचे. लहरीच्या लांबीत, मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) सांगायचं तर पहिलं ठिकाण ४.२६ आणि दुसरं १५. मीटरभर वाट, दहा हजारांत चार रेणू, आणि तरी खाच नजरेत भरते. ती जावी म्हणून आम्ही यंत्रातून कोरडा नायट्रोजन सोडत राहतो. नायट्रोजन आत भरला की खाच विरत जाते. नायट्रोजन स्वतः काहीच शोषत नाही याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीनं एक वर्णपट आणून दाखवला. त्यात २३५० जवळ चांगलं मोठं शिखर होतं (सॅम्पलच्या वर्णपटात बॅकग्राउंडपेक्षा जास्तीचं शोषण असं शिखर म्हणून दिसतं). आपल्या पदार्थात कुणाच्या लक्षात न आलेला एखादा बंध सापडला, असं तिला वाटत होतं. मी विचारलं, बॅकग्राउंड कधी घेतलं होतंस? सकाळी नऊला. आणि सॅम्पल? दुपारी बाराला. दरम्यान खोलीत सहा माणसं, एसी चालू, दार बंद. माणसाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड चार ते पाच टक्के असतो, बाहेरच्या हवेच्या शंभरपट. बंद खोलीत सहा जणांनी तीन तास श्वास घेतला की दहा लाखांत चारशेचे हजाराच्या वर सहज जातात. तिला सापडलेलं शिखर तेवढंच होतं. दार उघडून, पंखा लावून पुन्हा घेतल्यावर ते गेलं. तिचा चेहरा पडला, मला वाईट वाटलं. पण दहा लाखांत काही शे रेणूंचा फरक मीटरभर वाटेवर कसा उमटतो, हे मी त्या दिवसापासून प्रत्येक नव्या मुलाला याच गोष्टीवरून शिकवते.

आता हे चौघंच का, बाकीचे का नाहीत, ते बघू. अवरक्त किरण म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची लहर. रेणू हलताना त्याच्यातल्या धन आणि ऋण प्रभारांचा समतोल मागेपुढे झाला, तरच त्या लहरीला रेणू पकडता येतो. नायट्रोजनच्या रेणूत दोन अगदी सारखे अणू. ते कितीही ताणले, दाबले तरी प्रभार दोन्हीकडे सारखाच राहतो, लहरीला धरायला काही मिळत नाही. ऑक्सिजनचंही तेच. आरगॉन तर एकटाच अणू. त्याला स्पंदन पावायला जोडीदारच नाही. कोरड्या हवेचा ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग या तिघांचा.

कार्बन डायऑक्साइडमध्ये मधे कार्बन आणि दोन्ही हातांना एकेक ऑक्सिजन. शांत उभा असताना तोही तोलून उभा असतो. दोन्ही ऑक्सिजन एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत येऊ लागले, तरी तोल ढळत नाही, म्हणून ते स्पंदन अवरक्तात दिसत नाही. पण रेणू कमरेत वाकला की कार्बन एका बाजूला आणि ऑक्सिजन दुसऱ्या बाजूला जातात, तोल ढळतो आणि लहर त्याला पकडते. हे वाकणं १५ मायक्रॉनला होतं. एक हात आखडतो आणि दुसरा लांबतो, तेव्हा ४.२६ मायक्रॉनला. भूलदेणारे डॉक्टर शस्त्रक्रियेत रुग्णाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतात तो या ४.२६ च्या पट्ट्यावर, आणि वर्गखोलीतली हवा मोजणारे बरेचसे संवेदकही त्याच पट्ट्यावर चालतात.

पृथ्वीच्या बाबतीत मात्र १५ चा पट्टा महत्त्वाचा. सुमारे १५ अंश सेल्सिअस सरासरी तापमानाची आपली जमीन आणि समुद्र उष्णता बाहेर टाकतात ती मुख्यतः ५ ते ५० मायक्रॉनच्या दरम्यान, आणि तिचा जोर १० मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असतो. १५ मायक्रॉन त्या चढाच्या जवळच पडतो. सूर्यप्रकाश बहुतेक ४ मायक्रॉनच्या अलीकडे संपतो, म्हणून तो कार्बन डायऑक्साइडमधून जवळजवळ बिनअडथळा खाली येतो. येताना वाट मोकळी, परतताना नाक्यावर अडवणूक.

तुमच्या विद्यार्थिनीच्या मनात बहुधा आणखी एक शंका असेल. समजा चौघांनी उष्णता पकडली, तर फार तर ते चौघं तापतील, हवा कशी तापेल? किरण शोषून वाकायला लागलेल्या रेणूला तो किरण स्वतःहून परत सोडायला सरासरी सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. आणि जमिनीलगतच्या हवेत एक रेणू दर सेकंदाला काही अब्ज वेळा शेजाऱ्यांवर आदळतो. किरण परत सोडायची पाळी येण्याच्या कितीतरी आधी, साधारण सेकंदाच्या लाखाव्या भागात, त्याची ऊर्जा धक्क्याधक्क्यानं नायट्रोजन-ऑक्सिजनकडे जाते. ते थोडे अधिक वेगानं धावू लागतात, आणि हवा तापणं म्हणजे हेच. इकडे आपला रेणू मोकळा झाला, पुढचा किरण घ्यायला तयार. चार जण ९,९९६ जणांना ऊब पोचवतात ती अशी, न थांबता.

उलटंही घडतं. धक्के खाऊन कार्बन डायऑक्साइडचे रेणू पुन्हा वाकू लागतात. साध्या तापमानाला शंभरातले सहा-सात नेहमीच त्या अवस्थेत असतात. त्यातले थोडे किरण सोडतात, वर, खाली, सगळीकडे. किती सोडतात ते हवेच्या तापमानावर ठरतं. गरम हवा जास्त सोडते, थंड हवा कमी. एवढं वाक्य लक्षात ठेवा, तुमच्या शंकेचं उत्तर त्यातच आहे.

त्याआधी थोडा इतिहास, कारण त्यातल्या एका वस्तूशी माझी रोजची गाठ असते. १८५६ मध्ये अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सर्वांत जास्त तापलं. त्यात अवरक्त वेगळं काढलेलं नव्हतं. ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी १८५९ पासून केलं. त्यांच्या पितळी नळीच्या दोन्ही टोकांना शेंदेलोणाच्या चकत्या बसवल्या होत्या, कारण काच ही उष्णता अडवते आणि मीठ ती जाऊ देतं. शुद्ध कोरड्या हवेचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांचा मात्र ठळक. माझ्या यंत्रात आजही मिठाच्याच जातीच्या चकत्या आहेत, पोटॅशियम ब्रोमाइडच्या. पावसाळ्यात त्या ओल धरतात, धुरकट होतात, आणि जून ते सप्टेंबर त्यांना जपणं हे माझं निम्मं काम होऊन बसतं.

आता तुमची शंका. ती अगदी बरोबर जागी बोट ठेवते, आणि शंभर वर्षांपूर्वी चांगल्या चांगल्या शास्त्रज्ञांना पडली होती. १८९६ मध्ये स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइड वाढला तर तापमान किती वाढेल याचा हिशेब मांडला. १९०० मध्ये त्यांच्याच देशातले क्नूट ऑंगस्ट्रॉम यांनी नळीत हा वायू भरून त्याचं प्रमाण कमी-जास्त करून पाहिलं. शोषणात फारसा फरक पडला नाही. मग वायू वाढला काय नि न वाढला काय, असं पुढे कित्येक वर्षं मानलं गेलं.

अर्धी गोष्ट खरी आहे. १५ मायक्रॉनच्या ऐन मध्यावर जमिनीलगतची हवा इतकी अपारदर्शक आहे की किरण काही मीटरांतच शोषला जातो. तिथे आणखी रेणू घालून जमिनीजवळ काही फरक पडत नाही. पण दोन गोष्टी राहून जातात.

पहिली पट्ट्याच्या कडांची. शोषण एका रेषेवर होत नाही. मधे प्रचंड आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारं असं ते असतं, हजारो बारीक रेषांचं मिळून. मध्य भरून गेला तरी कडांना शोषण अर्धवटच असतं. वायू वाढला की कडा भरत जातात आणि पट्टा रुंदावतो. ऑंगस्ट्रॉमच्या काळच्या उपकरणांत या रेषा सुट्या दिसत नव्हत्या. शिवाय हवेच्या दाबानंही रेषा पसरतात, त्यामुळे नळीतला वायू आणि वीस किलोमीटर उंचीवरचा वायू एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वातावरण म्हणजे एकच जाड पडदा असं आपण धरून चालतो. ते एकावर एक रचलेल्या गोधड्यांसारखं आहे. खालच्या थरानं शोषलं, पुन्हा सोडलं, वरच्यानं शोषलं, पुन्हा सोडलं. असं करत वर जाताना एक उंची येते, जिथून पुढे हवा इतकी विरळ की किरण सरळ अवकाशात निसटतो. या पट्ट्यात पृथ्वी थंड होते ती या उंचीवरून, जमिनीवरून नव्हे. वायू वाढला की ही सुटकेची उंची वर सरकते. वर जावं तशी हवा थंड होत जाते, दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी. आणि थंड हवा कमी किरण सोडते. सूर्याकडून येणारी ऊर्जा तेवढीच, बाहेर जाणारी घटली. मग खालचं सगळं तापत राहतं, जोवर त्या उंच, थंड थराकडून पुन्हा पूर्वीइतकी ऊर्जा बाहेर जाऊ लागत नाही. जमिनीलगत शोषण पूर्ण झालेलं असणं आणि वायूच्या वाढीचा परिणाम होणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. १९५६ मध्ये गिल्बर्ट प्लास यांनी संगणकाच्या मदतीनं थराथराचा असा हिशेब केला, आणि नळीतल्या प्रयोगानं अडलेली गाडी पुढे गेली.

मला सर्वांत पटलेला पुरावा १९७० चा. त्या वर्षी सोडलेल्या निम्बस-४ या उपग्रहावर माझ्या यंत्राच्याच जातीचा वर्णपटमापक होता. सहारा वाळवंटावरून त्यानं खाली पाहिलं. हवा पारदर्शक असलेल्या पट्ट्यांत तापलेली वाळू दिसली, सुमारे ४७ अंश सेल्सिअस. आणि १५ मायक्रॉनला एक रुंद, खोल खड्डा. तिथून येणारे किरण उणे ५० अंशांच्या आसपासच्या थंडगार हवेतले. मी रोज टेबलावर जी खाच पाहते तीच, फक्त खंडाच्या आकाराची. तो आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबले होते. वर्गात दाखवायचा असेल तर हा दाखवा.

परिणाम किती, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. प्रमाण दुप्पट झालं की बाहेर जाणाऱ्या ऊर्जेत दर चौरस मीटरला साधारण ४ वॅटची तूट पडते. पुढच्या ४ वॅटसाठी पुन्हा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे प्रत्येक वाढीव रेणूचा परिणाम आधीच्यापेक्षा थोडा कमी. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत दहा लाखांत २८० होते. हवाईच्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजायला सुरुवात केली तेव्हा ३१५ च्या आसपास होते. आता ४२० च्या वर गेलेत. २८० पासूनच्या या दीडपटीचे सुमारे २ वॅट होतात. ढग, ऋतू, जागा यांप्रमाणे आकडा बदलतो. आणि बाष्प हा एकूण परिणामात कार्बन डायऑक्साइडपेक्षा मोठा वाटेकरी आहे, हे मुलांपासून लपवू नका. हिवाळ्यातल्या कोरड्या, निरभ्र रात्री निफाडला पारा कसा उतरतो आणि त्याच रात्री दमट मुंबईत का उतरत नाही, यात बाष्पाचा मोठा हात आहे. पण बाष्प थंडीत पाणी होऊन खाली पडतं. त्याचं प्रमाण हवेचं तापमान ठरवतं. वरच्या थंड थरांत, जिथे सुटकेचा निकाल लागतो, ते फार थोडं उरतं. कार्बन डायऑक्साइड तिथे थिजून पडत नाही. तो खालीवर सारख्याच प्रमाणात मिसळलेला असतो.

शेवटी तुम्ही वर्गात करण्याजोगा प्रयोग विचारला आहे. दोन बाटल्या, एकीत हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड, वर दिवा आणि आत तापमापक, हा प्रयोग मी सुचवणार नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यानं बाटलीत त्याचं अभिसरण कमी होतं, आणि दिसणारी तापमानवाढ बरीचशी त्यामुळे असते. आरगॉन भरला तरी बाटली तशीच तापते, आणि आरगॉन तर अवरक्त शोषतच नाही. मुलांना बरोबर निष्कर्ष चुकीच्या कारणानं पटवू नये, असं मला मनापासून वाटतं.

त्याऐवजी जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात एफटीआयआर असेल तर आधी विचारून मुलांना घेऊन जा. कोरड्या नायट्रोजनचा झोत बंद ठेवायला सांगा आणि रिकाम्या यंत्राचं बॅकग्राउंड घ्या. मग त्या मुलीला सॅम्पलच्या कप्प्याजवळ एकदा सावकाश श्वास सोडू द्या, झाकण लावा आणि लगेच वर्णपट घ्या. २३५० आणि ६६७ जवळ तिचा श्वास पडद्यावर दिसेल, आणि आजूबाजूला बाष्पाच्या बारीक रेषांचं गवत. दोन मिनिटं थांबून पुन्हा घ्या, शिखरं उतरलेली दिसतील. फक्त मिठाच्या चकत्यांवर थेट फुंकर घालू देऊ नका. तिथल्या ऑपरेटरला ते अजिबात आवडणार नाही, आणि चकती एकदा धुरकट झाली की घासून चकचकीत करावी किंवा बदलावी लागते.